‘ही हॅज कम यस्टरडे’ का खटकतं? रोजच्या इंग्रजीतला ‘हॅव’

‘तो कालच आलाय.’ मराठीत या वाक्यात काहीच चूक नाही. त्याचं इंग्रजी करताना आपण सहज म्हणून जातो, ‘ही हॅज कम यस्टरडे’. व्याकरणाच्या पुस्तकात दिलेलं सूत्र आपण पाळलेलं असतं, क्रियापदाचं तिसरं रूपही बरोबर असतं, तरीही ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं ते असं बोलत नाहीत. ते म्हणतात, ‘ही केम यस्टरडे’.

शाळेत प्रेझेंट परफेक्ट शिकताना आपण ‘हॅव किंवा हॅज, पुढे तिसरं रूप’ एवढं घोकलं. वाक्य कसं बांधायचं ते कळलं, पण कधी बांधायचं ते राहूनच गेलं. हा लेख त्या ‘कधी’साठी आहे. नुकतेच शिक्षणाला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्यांना तो उपयोगी पडेल, आणि पुण्या-नागपुरात बसून परदेशातल्या माणसांशी रोज फोनवर बोलणाऱ्यांनाही. भारतात आपापसात आपण कसंही बोललो तरी एकमेकांना कळतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण समोरचा लंडनचा किंवा शिकागोचा असेल, तर काही ठिकाणी अर्थच बदलतो. त्या जागा आधी पक्क्या करायला हव्यात.

पहिली पायरी: वेळ सांगितली की ‘हॅव’ नको

सगळ्यात जास्त उपयोगी नियम हाच, म्हणून तो आधी. वाक्यात संपलेली, ठरावीक वेळ आली की साधा भूतकाळ वापरायचा. काल, परवा, गेल्या आठवड्यात, २०१९ मध्ये, सकाळी नऊ वाजता, तीन वर्षांपूर्वी, यांतलं काहीही असलं तरी ‘हॅव’ बाजूला ठेवायचा.

‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे’ नाही, ‘आय सेंट द मेल यस्टरडे’. ‘आय हॅव जॉइन्ड इन २०२१’ नाही, ‘आय जॉइन्ड इन २०२१’. प्रश्नात ‘केव्हा’ असेल तरी तेच. ‘व्हेन हॅव यू कम?’ हे चालत नाही, ‘व्हेन डिड यू गेट हिअर?’ असं विचारतात.

आपली अडचण होते ती मराठीमुळे. मराठीला ‘आलाय’ आणि ‘काल’ एकत्र चालतात. ‘तो कालच आलाय’ म्हणताना आपण दोन गोष्टी सांगतो: तो काल आला आणि अजून इथेच आहे. इंग्रजीला या दोन गोष्टी एका क्रियापदात घालता येत नाहीत. म्हणून तिकडची माणसं एक तर ‘ही केम यस्टरडे’ म्हणतात, किंवा ‘हीज हिअर, ही केम यस्टरडे’ असे दोन तुकडे करतात. हे दोन तुकडे करण्याची सवय लावून घ्या, फार कामाला येते.

वेळ दर वेळी उच्चारलेली असतेच असं नाही. हयात नसलेल्या माणसाबद्दल बोलतो तेव्हा काळ आपोआप बंद झालेला असतो. मराठीत ‘तुकारामांनी अभंग लिहिले आहेत’ म्हटलेलं चालतं. इंग्रजीत मात्र ‘तुकाराम रोट अभंग्ज’ म्हणायचं. आज हयात असलेल्या, अजून लिहीत असलेल्या लेखकाबद्दल ‘शी हॅज रिटन टेन बुक्स’ म्हणता येतं, कारण तिचं अकरावं पुस्तक येऊ शकतं.

दुसरी पायरी: ‘हॅव’ आजच्या बाजूने बघतो

मग ‘हॅव’ कधी? गोष्ट मागे घडली, पण बोलणाऱ्याचं सगळं लक्ष ‘आत्ता’वर आहे, तेव्हा. याची दोन उत्तम उदाहरणं अमेरिकेच्या चांद्रमोहिमांत मिळतात.

२० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्राच्या पृष्ठभागावरून ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला कळवलं, ‘द ईगल हॅज लँडेड’. ईगल हे यानाचं नाव. यान उतरलं आहे, आत्ता चंद्रावर उभं आहे, ही बातमी त्यांना द्यायची होती. ‘केव्हा उतरलं’ हा प्रश्नच नव्हता, कारण ह्यूस्टनची माणसं श्वास रोखून ऐकत होती. आज तीच घटना इतिहासाच्या पुस्तकात येते तेव्हा ‘द ईगल लँडेड इन १९६९’ अशी येते. घटना एकच. बोलणारा कुठे उभा आहे त्यावर क्रियापद बदललं.

दुसरं उदाहरण अपोलो १३ चं. ह्यूस्टनच्या घड्याळाप्रमाणे १३ एप्रिल १९७० च्या रात्री त्या यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. आधी जॅक स्वायगर्ट आणि लगेच जिम लॉव्हेल यांनी खाली सांगितलं, ‘ह्यूस्टन, वीव्ह हॅड अ प्रॉब्लेम’. पुढे १९९५ च्या चित्रपटामुळे हे वाक्य ‘वी हॅव अ प्रॉब्लेम’ अशा रूपात जगभर पसरलं. मूळ वाक्य बारकाईने पाहा. ‘वी हॅव अ प्रॉब्लेम’ म्हणजे आमच्यापुढे अडचण आहे. ‘वीव्ह हॅड अ प्रॉब्लेम’ म्हणजे आत्ताच काहीतरी घडलंय आणि त्याचे परिणाम आम्हाला इथे दिसताहेत. धक्का बसून गेला होता आणि अंतराळवीर समोरच्या दिव्यांकडे आणि आकड्यांकडे पाहत होते. त्या क्षणाला मूळ वाक्यच नेमकं बसतं. यातलं ‘हॅड’ हे ‘हॅव’चं तिसरं रूप आहे, त्याला पास्ट परफेक्ट, म्हणजे ‘हॅड’ आणि पुढे तिसरं रूप, समजू नका.

रोजच्या घरगुती बोलण्यातही हेच चालतं. किल्ल्या सापडत नाहीत, तेव्हा ‘आयव्ह लॉस्ट माय कीज’. चहा विचारला, तर ‘नो थँक्स, आयव्ह जस्ट हॅड वन’. कुणी जेवायला बोलावलं आणि पोट भरलेलं असलं, तर ‘आयव्ह ईटन’. प्रत्येक वाक्याच्या मागे एक न बोललेलं वाक्य असतं: म्हणून दार उघडत नाहीये, म्हणून आता चहा नको, म्हणून भूक नाही. ‘हॅव’ वापरावा की नाही याची शंका आली, तर ‘म्हणून आता…’ असं मनात जोडून पाहा. सहज जोडता आलं आणि वेळेचा शब्द नसला, तर ‘हॅव’ बहुतेक बरोबर असतो.

तिसरी पायरी: ‘पासून’ सांभाळा

ही पायरी घाईने ओलांडू नका. परदेशात पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

जे आधी सुरू झालं आणि अजून चालू आहे, त्याला मराठी वर्तमानकाळ वापरते: ‘मी दोन वर्षं इथे आहे’, ‘तीन दिवसांपासून डोकं दुखतंय’, ‘मी त्याला शाळेपासून ओळखतो’. इंग्रजी या सगळ्याला ‘हॅव’ वापरते.

शेजारीण विचारते, ‘हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?’ आपण उत्तर देतो, ‘आय ॲम हिअर फॉर टू इयर्स’. तिला ऐकू येतं की हा माणूस दोन वर्षांसाठी आलाय, मग परत जाणार. आपल्याला सांगायचं होतं की येऊन दोन वर्षं झाली. त्यासाठी ‘आयव्ह बीन हिअर फॉर टू इयर्स’. घरमालकाशी किंवा बँकेत बोलताना हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. प्रश्नाचंही तसंच आहे. तुम्ही कुणाला ‘हाऊ लाँग आर यू हिअर?’ विचारलंत, तर तो किती दिवस राहणार आहे ते सांगेल. कधीपासून आहे ते सांगणार नाही.

डॉक्टरकडे गेलात की हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘हाऊ लाँग हॅव यू हॅड दिस?’ त्याला ‘माय हेड इज पेनिंग सिन्स थ्री डेज’ असं उत्तर देऊ नका. ‘आयव्ह हॅड अ हेडेक फॉर थ्री डेज’ म्हणा. वाक्य आधीच तोंडपाठ करून ठेवा, कारण तब्येत बरी नसताना व्याकरण आठवत नाही.

इथेच ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची गल्लत होते. आपलं ‘पासून’ सोमवारलाही लागतं आणि तीन दिवसांनाही. इंग्रजीत सुरुवातीची खूण सांगायची असेल तर ‘सिन्स’: सिन्स मंडे, सिन्स २०२०, सिन्स दिवाली. किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’: फॉर थ्री डेज, फॉर ए लाँग टाइम. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता आलं तर ‘सिन्स’, मोजता आलं तर ‘फॉर’.

अशीच आणखी काही वाक्यं सरळ पाठ करा. ‘मी त्याला शाळेपासून ओळखतो’ म्हणजे ‘आयव्ह नोन हिम सिन्स स्कूल’. ‘आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली’ म्हणजे ‘वीव्ह बीन मॅरीड फॉर टेन इयर्स’. ‘मी इथे पहिल्यांदाच येतोय’ म्हणजे ‘इट्स द फर्स्ट टाइम आयव्ह बीन हिअर’. या शेवटच्या वाक्यात आपण हमखास ‘आय ॲम कमिंग’ म्हणतो, कारण मराठीत ‘येतोय’ आहे.

जे प्रत्यक्ष चालू आहे त्याला ‘बीन’ आणि ‘इंग’ लावतात: ‘आयव्ह बीन वेटिंग फॉर ॲन अवर’. ओळखणं, असणं, आवडणं अशा क्रियापदांना सहसा ‘इंग’ लावत नाहीत.

चौथी पायरी: विषय ‘हॅव’ने काढा, गोष्ट साध्या भूतकाळात सांगा

व्याकरणाच्या पुस्तकात वाक्यं सुटी सुटी असतात, त्यामुळे ही गोष्ट तिथे नीट दिसत नाही. इंग्रजी बोलणारे विषय काढताना ‘हॅव’ वापरतात आणि तपशिलात शिरले की लगेच साध्या भूतकाळावर येतात. एक छोटं संभाषण पाहा.

‘हॅव यू एव्हर बीन टू स्कॉटलंड?’
‘यस, आय हॅव. वी वेंट लास्ट समर.’
‘डिड यू लाइक इट?’
‘वी लव्ह्ड इट, बट इट रेन्ड एव्हरी डे.’

पहिला प्रश्न अनुभवाचा, आयुष्यात कधीतरी गेलायत का एवढाच. होकार मिळाला की ‘लास्ट समर’ आलं, वेळ ठरली, आणि तिथून पुढे ‘हॅव’ परत आला नाही. नवशिके इथे दोन प्रकारे अडखळतात. काहीजण पहिल्या प्रश्नाच्या ओघात पुढेही ‘हॅव’च लावत राहतात: ‘वी हॅव लव्ह्ड इट, इट हॅज रेन्ड’. काहीजण पहिलाच प्रश्न ‘डिड यू गो टू स्कॉटलंड?’ असा विचारतात. मग समोरचा गोंधळतो: कधी? कुठल्या सहलीबद्दल विचारताय?

इंग्रजी बातम्या ऐकल्यात तर हीच चाल दिसेल. पहिल्या वाक्यात ‘हॅज रिझाइन्ड’ किंवा ‘हॅव अरेस्टेड’, आणि दुसऱ्या वाक्यापासून ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘हॅपन्ड’. रोज एक बातमी फक्त क्रियापदांसाठी ऐकली तरी कान तयार होतो.

नोकरीच्या मुलाखतीतही हीच चाल वापरा. जुन्या नोकरीबद्दल ‘आय वर्क्ड देअर फ्रॉम २०१५ टू २०१९’, आताच्या नोकरीबद्दल ‘आयव्ह वर्क्ड हिअर सिन्स २०१९’. उलटसुलट झालं तर तुम्ही जुनी नोकरी सोडलीत की नाही, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो.

पाचवी पायरी: ‘बीन’ आणि ‘गॉन’

ही छोटी आहे. ‘हीज गॉन टू लंडन’ म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. ‘हीज बीन टू लंडन’ म्हणजे जाऊन आलाय. मराठीत ‘जाऊन आलाय’ला दोन क्रियापदं लागतात, इंग्रजीत ‘बीन’ एकटं ते काम करतं. ऑफिसात साहेब जेवायला गेले असतील तर ‘हीज गॉन फॉर लंच’ म्हणा. स्वतःबद्दल ‘आय हॅव गॉन टू गोवा’ म्हणू नका, कारण तुम्ही तर इथे समोर उभे आहात. ‘आयव्ह बीन टू गोवा’ म्हणा.

इथे थोडं विषयांतर. जुन्या इंग्रजीत येणं, जाणं, होणं या क्रियापदांना ‘हॅव’ऐवजी ‘असणे’ लागायचं, आपल्या ‘आलो आहे’सारखंच. रॉबर्ट ओपेनहायमर यांनी १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या बत्तिसाव्या श्लोकाची आठवण सांगताना ‘आय ॲम बिकम डेथ’ म्हटलं, ते याच जुन्या रूपात. अनेकांना ती व्याकरणाची चूक वाटते, पण ती चूक नाही. आजच्या बोलण्यात मात्र ते रूप वापरू नका. ‘गॉन’पुरतंच ते अजून जिवंत आहे.

सहावी पायरी: ‘हॅड’ कमी करा

मराठी माणसाच्या इंग्रजीत एक गोष्ट हटकून जास्त असते, ती म्हणजे ‘हॅड’. ‘मी काल मुंबईला गेलो होतो’ म्हणून ‘आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे’. ‘तू फोन केला होतास का?’ म्हणून ‘हॅड यू कॉल्ड?’

मराठीचं ‘होतो’ फार सोयीचं आहे. ‘तो आला होता’ म्हटलं की तो आला आणि गेलासुद्धा, हे कळतं. इंग्रजीचा ‘हॅड’ असं काहीच सांगत नाही. त्याला एकच काम आहे: भूतकाळातल्या एका क्षणाच्याही आधी काय झालं ते सांगणं. म्हणून त्याला दुसरी घटना सोबत लागते. ‘व्हेन आय गॉट टू द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’: मी पोहोचलो, त्याआधीच गाडी गेली होती. दोन घटना आहेत, एक आधीची आहे, ‘हॅड’ला काम मिळालं.

तुम्ही नुसतं ‘आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे’ म्हणता, तेव्हा समोरचा थांबतो. त्याला वाटतं वाक्य अर्धं आहे, आता ‘आणि तेवढ्यात…’ येणार. ते येत नाही आणि संभाषणात उगाच एक पोकळी राहते. ‘आय वेंट टू मुंबई यस्टरडे’ म्हणा, किंवा तिथे होतो एवढंच सांगायचं असेल तर ‘आय वॉज इन मुंबई यस्टरडे’. फोनबद्दल ‘डिड यू कॉल?’ विचारा. कुणी घरी येऊन गेलं असेल तर ‘ही केम राउंड’ किंवा ‘ही स्टॉप्ड बाय’ म्हणा.

आणि जिथे ‘हॅड’ नियमाने बसतो, तिथेही बोलताना तो बरेचदा गाळतात. ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ आलं की क्रम आपोआप कळतो. ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर आय गॉट देअर’ एवढं पुरतं. माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिलं वर्षभर बोलण्यात ‘हॅड’ जवळजवळ वापरूच नका. साध्या भूतकाळाने फारसं काही अडणार नाही, उलट इंग्रजी जास्त सहज वाटेल.

सातवी पायरी: कानाला सवय लावा

बोलताना ‘आय हॅव’ पूर्ण उच्चारलेलं फार कमी ऐकू येतं. ‘आयव्ह’, ‘यूव्ह’, ‘वीव्ह’, ‘हीज’, ‘शीज’ असंच ऐकू येतं, आणि भरभर बोलण्यात तो ‘व्ह’सुद्धा जेमतेम कळतो. त्यामुळे ‘आयव्ह फिनिश्ड’ आणि ‘आय फिनिश्ड’ सारखंच वाटू शकतं. घाबरू नका, संदर्भाने उलगडतं.

‘हीज’ मागे ‘इज’ आहे की ‘हॅज’, हे पुढच्या शब्दावरून ठरवा. ‘हीज गोइंग’ म्हणजे इज, ‘हीज फिनिश्ड द रिपोर्ट’ म्हणजे हॅज. ‘हीड’चंही तसंच: ‘हीड गॉन’मध्ये हॅड, ‘हीड गो’मध्ये वुड.

पूर्ण उच्चार दोन ठिकाणी हवाच. छोट्या उत्तरात: ‘यस, आय हॅव’, कधीही ‘यस, आयव्ह’ नाही. आणि जोर देताना: ‘आय हॅव टोल्ड हिम!’, म्हणजे सांगितलंय हो मी त्याला.

सरावाला क्रिकेटचं इंग्रजी समालोचन फार चांगलं. झेल सुटला की ‘हीज ड्रॉप्ड इट’, बळी मिळाला की ‘हीज गॉट हिम’, चेंडू सीमेपार गेला की ‘दॅट्स गॉन ऑल द वे’. सगळं ताजं, आत्ताच घडलेलं, म्हणून ‘हॅज’. दिवसाचा खेळ संपल्यावर तेच समालोचक ‘ही बोल्ड वेल’, ‘दे ड्रॉप्ड थ्री कॅचेस’ म्हणतात. खेळ तुम्हाला समजतोच, त्यामुळे सगळं लक्ष क्रियापदांवर देता येतं.

आठवी पायरी: अमेरिकेत असाल तर

अमेरिकन माणसं ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांबरोबर बरेचदा साधाच भूतकाळ वापरतात. इंग्लंडमध्ये ‘हॅव यू ईटन येट?’ विचारतील, अमेरिकेत ‘डिड यू ईट येट?’ इंग्लंडमध्ये ‘आयव्ह ऑलरेडी सीन इट’, अमेरिकेत ‘आय ऑलरेडी सॉ इट’ही चालतं. दोन्ही बरोबर आहे. कुणी तुमच्यासमोर असं बोललं तर त्याला सुधारायला जाऊ नका आणि स्वतः गोंधळू नका.

‘गेट’चं तिसरं रूप आपण शाळेत ‘गॉट’ शिकलो. अमेरिकेत ‘गॉटन’ सर्रास ऐकू येतं: ‘हीज गॉटन सो टॉल’. ‘आयव्ह गॉट टू किड्स’ मात्र दोन्हीकडे ‘मला दोन मुलं आहेत’ याच अर्थाने चालतं. त्यात ‘हॅव’ दिसला म्हणून मागे घडलेलं काही शोधू नका.

एक गोष्ट दोन्ही देशांत सारखीच आहे. ‘यस्टरडे’बरोबर ‘हॅव’ अमेरिकेतही बसत नाही आणि ‘आयव्ह बीन हिअर फॉर टू इयर्स’ला अमेरिकेतही पर्याय नाही.

मेल पाठवण्याआधी

बोलताना विचार करायला वेळ नसतो, मेलमध्ये असतो. म्हणून सुधारणा तिथून सुरू करा. लिहून झालं की ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ हे तीन शब्द शोधा. ‘आय हॅव शेअर्ड द फाइल ऑन मंडे’ दिसलं तर ‘आय शेअर्ड’ करा. ‘ॲज आय हॅड मेन्शन्ड इन माय लास्ट मेल’ दिसलं तर ‘ॲज आय मेन्शन्ड’ करा. ‘आय ॲम वर्किंग ऑन धिस सिन्स टू वीक्स’ मध्ये ‘हॅव’ नाही म्हणून ते शोधात सापडणार नाही. त्यासाठी ‘सिन्स’ हाही शब्द शोधा आणि वाक्य ‘आयव्ह बीन वर्किंग ऑन धिस फॉर टू वीक्स’ असं करून मगच मेल पाठवा.